निळ्या डब्याचा स्प्रे : कुठे मारावा, कुठे मारू नये

मृग लागला आणि दोन चांगले पाऊस झाले. पेरणीसाठी ट्रॅक्टर सांगून ठेवलेला होता. सकाळी सोयाबीनचं बियाणं काढायला मागच्या खोलीकडे गेलो, तर कुलपाची चावी फिरेना. फेब्रुवारीपासून ते कुलूप बाहेरच्या बाजूने लटकत होतं, धूळ खात, मग पाऊस खात. खोबरेल तेलाचे थेंब टाकून झाले. दगडाने ठोकून झालं. आमचे हे कुलूप तोडायला निघाले तेव्हा अम्मी म्हणाल्या, थांबा, कोयंडा उखडला तर दारच जाईल. तेवढ्यात धाकट्या दिरांचा कारंज्याहून फोन आला. ते म्हणाले, "भाभी, तोडू नका, मी एक स्प्रे घेऊन येतो."

आले ते निळा-पिवळा, लाल टोपणाचा डबा घेऊन. डब्याला एक बारीक लाल नळी चिकटवलेली. ती तोंडाला लावून त्यांनी कुलपाच्या भोकात दोनदा फुस्स केलं, हातातला चहा पिऊन होईपर्यंत थांबले, चावी दोन-तीनदा आत-बाहेर केली आणि फिरवली. कुलूप उघडलं. चावीला तांबूस चिखल लागून आला, तो आतला गंज. त्या दिवशी पेरणी झाली.

पुढचा आठवडाभर तो डबा आमच्या घरात पाहुण्यासारखा फिरला. दाराच्या बिजागऱ्या, मुलांच्या सायकली, छत्र्यांच्या काड्या, फाटकाची कडी. वासाची सवय होईपर्यंत अर्धा डबा संपला. मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते, विज्ञान नाही. पण घरात आलेली वस्तू नेमकी काय आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि या वस्तूच्या बाबतीत ते लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं. का, ते पुढे सांगते.

डब्यावर नाव आहे डब्ल्यूडी-४०. आमच्या धाकट्याला वाटलं ४० ही किंमत. तशी ती नाही. डब्ल्यू म्हणजे वॉटर आणि डी म्हणजे डिस्प्लेसमेंट, म्हणजे पाण्याला त्याच्या जागेवरून हुसकावणं. १९५३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात रॉकेट केमिकल कंपनी नावाचं एक छोटंसं दुकानवजा कारखाना होता. लोखंडाला गंज चढू नये असं द्रव्य त्यांना विमान-क्षेपणास्त्रांच्या कारखान्यांसाठी बनवायचं होतं. प्रयोग फसत गेले आणि चाळिसावा जमला, म्हणून ४०. ते पहिल्यांदा वापरलं गेलं ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्यावर. कारखान्यातले कामगार ते चोरून घरी नेऊ लागले, कारण घरातल्या कड्या-बिजागऱ्यांनाही ते चालत होतं. मग १९५८ मध्ये ते फवाऱ्याच्या डब्यात भरून दुकानात आलं, आणि १९६९ मध्ये कंपनीनेच आपलं नाव बदलून या मालाचं नाव घेतलं. त्याचं पेटंट घेतलेलं नाही. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते, आणि त्यांना ती उघड करायची नव्हती.

आता हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच की नावातच त्याचं काम आहे. ते पाणी हुसकावतं. ते मुख्यतः तेल नाही. डब्यात बहुतांश भाग खनिज तेलाच्या जातीचं पातळ द्रावक आहे, घासलेटाचा चुलतभाऊ म्हणा, आणि थोडं तेल. द्रावक पातळ असल्यामुळे केसाएवढ्या फटीतही शिरतं, तिथलं पाणी बाजूला करतं, जुना चिकटा आणि गंजाचा भुगा सैल करतं आणि मग बरंचसं उडून जातं. मागे राहतो तेलाचा एक पातळ पापुद्रा. म्हणून अडलेली वस्तू पटकन सुटते. आणि म्हणूनच ती फार दिवस सुटी राहत नाही. लोक पहिला अर्धा भाग पाहतात आणि खूश होतात. दुसरा अर्धा भाग दीड-दोन महिन्यांनी कळतो. आमच्या बैठकीचं दार आषाढ संपायच्या आत पुन्हा करकरायला लागलं होतं.

गंजाबद्दल थोडं विषयांतर करू द्या, भाषेची शिक्षिका आहे. मराठीत लोखंडावर चढतो तो गंज. पण आमच्या वऱ्हाडात भाजी शिजवायच्या पातेल्यालाही गंज म्हणतात, आणि कडबा रचला की त्याची गंजी. उर्दूत गंज म्हणजे खजिना. आणि लोखंडाच्या गंजाला उर्दूत म्हणतात ज़ंग, ज्याच्या ज खालचा नुक्ता विसरला की झाली लढाई. वर्गात एकदा एका मुलाने वहीत लिहिलं होतं की पावसात लोखंडाला जंग लागते. मी लाल पेनाने नुक्ता द्यायला गेले आणि वाटलं, हेही काही अगदीच चूक नाही.

तर लोखंडाला गंज चढायला दोन गोष्टी एकत्र लागतात, पाणी आणि हवेतला प्राणवायू. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर तीन परीक्षानळ्यांत तीन खिळे ठेवून हे दाखवतात. एकीत साधं पाणी, दुसरीत उकळून हवा काढलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत ओल शोषणारं क्षार. काही दिवसांनी पहिल्याच खिळ्याला गंज. म्हणजे खिळ्यापर्यंत पाणी किंवा हवा यातलं एक जरी पोचू दिलं नाही, तरी काम होतं. आपल्या आजी-नानी हेच करत. पावसाळ्याआधी विळा, खुरपं, कुदळ, डवऱ्याची पास पुसून तेलाचा बोळा फिरवून ठेवत. नंतर ट्रॅक्टरचं जळालेलं ऑइल आलं. स्प्रेचा उपयोग इथे चांगला होतो, कारण ओल्या अवजारावर तेल बसत नाही, पाण्यावरून घसरतं. स्प्रे आधी पाणी काढतो. शेतातून आणलेलं ओलं अवजार चिखल धुऊन, फडक्याने पुसून त्यावर हलका फवारा मारायचा, पाच मिनिटांनी पुन्हा पुसायचं आणि मग नेहमीचं तेल लावून टांगायचं. १९६१ साली अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कार्ला नावाचं मोठं चक्रीवादळ आलं होतं. तेव्हा पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्या आणि यंत्रं वाचवायला या डब्यांचा ट्रक भरून माल मागवला गेला होता. आपल्याकडे नदी-नाल्याचं पाणी घरात शिरलेल्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. मात्र विजेची वस्तू असेल तर प्लग काढून, पूर्ण वाळवून, मिस्त्रीला दाखवूनच.

आता जे उपयोग पाहून मला खरंच नवल वाटलं ते सांगते. नवीन स्टीलच्या भांड्यावरचं, बादलीवरचं, आरशावरचं किमतीचं स्टिकर. नखाने खरवडलं की कागद निघतो आणि खालचा डिंक राहतो, त्याला मग वर्षभर धूळ चिकटते. त्यावर थोडा स्प्रे, दोन मिनिटं थांबणं, आणि फडक्याने पुसणं. बादली, आरसा, खिडकीची काच यांना ठीक आहे. पण ज्या ताटात जेवायचं त्याला स्प्रे नको. तिथे चमचाभर खोबरेल किंवा जेवणातलं तेल चोळून अर्धा तास ठेवा, डिंक तसाच सुटतो. थोडा वेळ जास्त लागतो एवढंच. लग्नात आलेल्या भांड्यांच्या ढिगाला मी याच पद्धतीने मोकळं केलं आहे.

शाळेत बाकांच्या खाली चिकटवलेलं च्युइंगम. ज्यांनी शाळा झाडली आहे त्यांनाच याचा ताप माहीत. स्प्रे मारून, थोडं थांबून पट्टीने काढलं की सबंध निघतं. मग साबणाच्या पाण्याने बाक पुसायचं, नाहीतर मुलांच्या कपड्यांना डाग. बाकावरची बॉलपेनची आणि स्केचपेनची नक्षीही बरीच जाते. पांढऱ्या फळ्यावर कुणी चुकून पक्क्या मार्करने लिहिलं, तर मात्र स्प्रे शोधत बसू नका. त्याच अक्षरांवरून फळ्याचा साधा मार्कर गिरवा आणि ओलं आहे तोवर पुसा. दोन्ही जातं.

भिंतीवरच्या रंगीत खडूच्या रेघा. ऑइलपेंटच्या भिंतीवर स्प्रेने रेघ निघते. डिस्टेंपरच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर रेघ निघते आणि तिच्या जागी तेलाचा डाग येतो, जो त्या रेघेहून मोठा असतो. हे मी स्वतःच्या भिंतीवर शिकले आहे, पलंगाच्या मागे, म्हणून कुणाला दिसत नाही.

कुलरचा स्टँड. आमच्याकडे एप्रिल-मे कुलरशिवाय निघत नाही, आणि चार महिने पाण्यात राहिलेले त्याचे नट-बोल्ट दसऱ्याला पाना लावला तरी हलत नाहीत. कुलर बंद करताना प्लग काढून टाकी कोरडी करा आणि बोल्टांवर स्प्रे मारा. अडलेला बोल्ट असेल तर स्प्रे मारून हलक्या हाताने हातोडीचे दोन-चार टोले द्या, म्हणजे द्रव आत झिरपतो, आणि रात्रभर राहू द्या. लगेच जोर लावला की डोकं तुटतं. मोटारीच्या गुंडाळीत मात्र मारू नका.

छत्रीच्या काड्यांना उत्तम. दप्तराच्या चेनला चालतो, पण कापडाला तेलाचा डाग पडतो. तिथे मेणबत्तीचा तुकडा घासणं केव्हाही बरं. कुलपाचं म्हणाल तर आमचं कुलूप स्प्रेने उघडलं हे खरं, पण नेहमीसाठी कुलपात तेलकट काही घालू नये. ओलसर तेलावर धूळ बसते आणि तिची लापशी होते. स्प्रेने आतला गंज धुऊन घ्यावा, वाळू द्यावं, आणि मग पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड चावीला लावून चावी फिरवावी. शिसं म्हणतो ते खरं तर ग्राफाइट, कोरडं आणि गुळगुळीत. शाळेत पेन्सिल टोकवताना पडणारी काळी पूड मी आता एका डबीत साठवते. मुली विचारतात, "टीचर, ये सुरमा है क्या?"

बिजागरीला आणि सायकलच्या साखळीलाही हाच नियम. स्प्रेने धुवा, पुसा, आणि मग खरं तेल किंवा ग्रीस लावा. नुसत्या स्प्रेवर सोडलेली साखळी चार दिवस चमकते आणि पंधरा दिवसांत कोरडी वाजते, कारण आधीचं ग्रीसही तो धुऊन नेतो. आणि सायकल असो की मोटारसायकल, ब्रेकच्या जवळ तो नकोच. ब्रेकचं काम घासणं आहे, घसरणं नाही.

हे ग्रीस धुऊन नेण्याचं प्रकरण आमच्या गल्लीतल्या एका बाजींना महाग पडलं. त्या पायमशीनवर ब्लाऊज, फ्रॉक, शाळेचे गणवेश शिवतात. घरात कमावणाऱ्या त्याच. मशीन जड चालायला लागली आणि आमचा डबा आमच्याकडून त्यांच्याकडे गेला, मीच दिला. त्यांनी तेल घालायच्या सगळ्या भोकांत स्प्रे मारला. मशीन पंख्यासारखी हलकी फिरली. दुसऱ्या दिवशीही फिरली. आठवडाभरात ती आधीपेक्षा जड झाली आणि खडखडायला लागली. जून महिना, शाळा नुकत्याच उघडलेल्या, आणि पुढ्यात कापलेल्या गणवेशांचा गठ्ठा. मिस्त्री आला, त्याने शटल काढून दाखवलं. जुनं तेल धुऊन गेलं होतं, सैल झालेला मळ आणि कापडाचा भुसा आत गोळा होऊन बसला होता, आणि लोखंड लोखंडावर कोरडं घासत होतं. त्याने सगळं साफ करून मशीनचं साधं पांढरं तेल घातलं, त्या छोट्या बाटलीतलं, नळकांडीच्या तोंडाचं. दोन दिवस काम बंद आणि एका गणवेशाच्या पांढऱ्या शर्टावर पिवळा डाग. बाजी मला काही बोलल्या नाहीत. शर्टाचं कापड मी आणून दिलं. शिलाई मशीन गंजून अडलीच असेल तर स्प्रेने सोडवता येते, पण लगेच पुसून प्रत्येक भोकात मशीनचं तेल दोन-दोन थेंब घालावं आणि आधी चिंधीवर शिवून पाहावं. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

स्वयंपाकघरात मी तो डबा येऊच देत नाही. शेगडीचं बटण कडक झालं, गॅसचा रेग्युलेटर बसत नाही, असं झालं की हात आपसूक अशा डब्याकडे जातो. तिथे अजिबात नाही. यातलं द्रव पेटतं, फवारा तर भडकाच घेतो. शिवाय बटणाच्या आतलं ग्रीस उष्णता सोसणारं वेगळं असतं. ते धुतलं गेलं की गॅस गळायची भीती. त्यासाठी मिस्त्री बोलवावा. कुकरची रिंग आणि शिट्टीलाही नको. रबर अशा तेलाने फुगतं आणि सैल पडतं, आणि ते जेवणाचं भांडं आहे. हापश्याला, विहिरीच्या मोटारीला, पिण्याच्या पाण्याच्या टाकीच्या नळाला आतून नको. मुंग्या-झुरळांवर मारून पाहणारेही आहेत. मरतात, पण घरभर पेटणारं तेल शिंपडून झुरळ मारण्यात काय शहाणपण?

आता अम्मींचं.

त्यांचे गुडघे तीन वर्षांपासून दुखतात हे आम्हाला माहीत होतं. किती दुखतात हे माहीत नव्हतं. त्या सांगत नाहीत. एके दिवशी शाळेतून आले तर त्यांच्या खोलीतून तोच वास. पाऊस म्हणून खिडकी बंद, आणि अम्मी बाजेवर पाय लांब करून बसलेल्या, दोन्ही गुडघ्यांना फडकं गुंडाळलेलं. सोडून पाहिलं तर कातडी लालबुंद, एका बाजूला बारीक फोड. तीन दिवसांपासून त्या दोन वेळा स्प्रे मारून वर फडकं बांधत होत्या. नात्यातल्या कुणीतरी मोबाइलवर दाखवलं होतं की याने सांधे मोकळे होतात. मी रागावले. आवाज चढला माझा, कबूल करते. त्या शांतपणे म्हणाल्या, "दुल्हन, दरवाजा चूप हो गया, घुटना क्यों नई होगा?"

मला उत्तर सुचलं नाही. कोमट पाणी आणि साबणाने गुडघे धुतले, वारा लागू दिला, खिडकी उघडली. सात-आठ दिवस कातडी सोलत राहिली.

ही समजूत आपल्याच खेड्यापुरती नाही. अमेरिकेत ती जुनी आहे. तिथे लोक सांध्यांवर हा स्प्रे मारतात, त्यात माशाचं तेल आहे असंही सांगतात. कंपनीने स्वतः जाहीर केलेलं आहे की यात माशाचं तेल नाही आणि याचा कुठलाही औषधी उपयोग नाही. दाराची बिजागरी उघडी असते, मारलेलं द्रव थेट तिच्यात जातं. गुडघ्याचा सांधा कातडी, चरबी, स्नायू आणि पिशवीच्या आत बंद असतो. त्याचं स्वतःचं वंगण आत तयार होतं. वरून मारलेलं तिथे पोचत नाही. ते कातडीतलं नैसर्गिक तेल तेवढं धुऊन नेतं आणि तिला जाळतं, वरून फडकं बांधलं तर जास्तच. चोळल्यामुळे आणि थोडी चुणचुण झाल्यामुळे घटकाभर बरं वाटतं. त्याच बरं वाटण्यावर अशा गोष्टी फिरत राहतात.

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा एक्स-रेत गुडघ्याची कूर्चा झिजलेली दिसली. त्यांनी स्वतःच्या मनाने दुखण्याच्या गोळ्या रोज खायला मनाई केली, पोट आणि मूत्रपिंड दोन्हीला त्या बाधतात म्हणाले. शेक, वजनावर लक्ष, आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम सांगितला. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली. दहा वेळा, मग दुसरा पाय. उकिडवं बसणं टाळा म्हणाले, संडासासाठी खुर्ची घ्या, नमाज खुर्चीवर बसून पढा.

शेवटचं ऐकून अम्मींचा चेहरा उतरला, आणि मग मला कळलं. त्यांना दुखण्याची एवढी फिकीर नव्हती. सजद्यातून उठताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागत होता आणि तो कुणी पाहू नये म्हणून त्या दार लावून नमाज पढत होत्या. खुर्चीवर बसायचं नव्हतं. घरी येताना ऑटोत म्हणाल्या, "कुर्सी पर बैठी की लोगां बोलते, बुढ्ढी हो गई." आजाऱ्याला बसून, तेही न जमलं तर पडून नमाजची सवलत आहे, हे मला शाळेपासून पाठ आणि त्यांना माझ्याहून जास्त पाठ. पण पाठ असणं आणि स्वतःवर लागू करणं वेगळं. आमचे हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते हात नसलेली, लाकडी, पक्की खुर्ची घेऊन आले आणि अम्मींच्या मुसल्ल्याशेजारी ठेवली. ती चार दिवस तशीच होती, तिच्यावर घडी केलेले कपडे होते. पाचव्या दिवशी कपडे खाली होते.

वाचक भगिनींनो, तुमच्या घरातली म्हातारी माणसं गुडघ्याला काय लावतात ते एकदा बघा. स्प्रे नसेल तर दुसरं काही असेल. रागावण्याआधी ते का लावतात ते विचारा. मी उलट क्रमाने केलं.

त्यानंतर डब्याची जागा बदलली. आधी तो खिडकीत होता, तीही चूकच होती. दाबाने भरलेला डबा ५० अंशांच्या वर तापू द्यायचा नसतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो. टिनाच्या छपराखाली, बंद गाडीत, खिडकीच्या उन्हात तो आकडा सहज ओलांडला जातो. रिकामा झालेला डबाही चुलीत किंवा कचऱ्याच्या जाळात टाकायचा नाही, भोकही पाडायचं नाही. आत थोडा वायू उरतो आणि तो फुटतो. वापरताना दारं-खिडक्या उघड्या हव्यात, जवळ चूल, उदबत्ती, विडी काही नको.

पिकावर मारायच्या औषधाच्या फळीवर तो ठेवू नये हे वेगळं सांगावंसं वाटतं. आमच्याकडे "फवारा" म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर कापूसच येतो. धाकट्याने पहिल्या दिवशी विचारलंच होतं, हे कोणत्या पिकावर? २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. आपल्या मानोरा तालुक्याला तो जिल्हा लागून आहे, आमच्या गावात त्या घरांशी सोयरिकी आहेत. दोन वेगळी द्रव्यं आहेत, बरोबरी करत नाही. पण फवाऱ्याची हवा नाकातोंडात जाऊ न देण्याची सवय एकच असते, आणि ती घरातूनच लागते.

आणि लहान मूल. चुकून हे द्रव तोंडात गेलं तर उलटी करवू नका. घासलेट प्यायलेल्या मुलाला मिठाचं पाणी पाजून ओकवण्याची रीत आपल्याकडे होती. अशी पातळ तेलं पोटापेक्षा फुप्फुसाला जास्त घातक असतात, आणि ओकताना ती फुप्फुसात उतरतात. तोंड पुसा, डबा बरोबर घ्या आणि थेट दवाखाना गाठा. डोळ्यांत उडालं तर स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटं.

आता तो डबा लोखंडी पेटीत असतो, मधल्या खोलीत, जिथे ऊन येत नाही. त्यावर मी कागद चिकटवला आहे, मराठीत आणि उर्दूत, "फक्त लोखंडासाठी". पेटीला कुलूप आहे, त्यात पेन्सिलीची पूड घातली आहे. चावी अम्मींच्या कमरेला असते. कुणाला डबा हवा असला की त्या आधी विचारतात, कशाला पाहिजे.